आंजर्ले परिसरातील सहाध्ययन : बिऱ्हाडापासून मोबाइलपर्यंत

दापोली तालुक्याच्या समुद्रकाठी, जोग नदीच्या मुखाशी, आंजर्ले हे गाव आहे. खाडीच्या दक्षिणेस हर्णै बंदर, त्याच्याही खाली मुरूड, आणि आंजर्ल्याला लागूनच मुरडी. चार-पाच कोसांच्या या पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात जी माणसे बाहेर पडली त्यांची नावे महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात वारंवार येतात. विश्वनाथ नारायण मंडलीक (१८३३–१८८९) मुरूडचे. धोंडो केशव कर्वे जन्माने शेरवलीचे, परंतु वाढले मुरूडास. आणि केंब्रिज विद्यापीठात १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुरडीचे. या योगायोगाचे स्पष्टीकरण करताना चरित्रकार बहुधा दोन कारणे पुढे करतात : घराण्यांतील विद्येची परंपरा आणि कोकणातील दारिद्र्य. दोन्ही कारणे खरी आहेत. पण परंपरा आणि दारिद्र्य कोकणच्या इतर कित्येक गावांतही होती. मग ही मुले शिकली कशी, म्हणजे प्रत्यक्षात कोठे बसून, कोणाबरोबर, कोणाच्या घरचे जेवून शिकली, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो सहसा विचारला जात नाही. २०२० साली याच पट्ट्यातील मुलांना शाळेवाचून एकमेकांच्या साह्याने शिकण्याची पाळी पुन्हा आली, तेव्हा या जुन्या प्रश्नाला नवे महत्त्व आले.

एकत्र अभ्यास ही इंग्रजी विद्येबरोबर आलेली गोष्ट नव्हे. वेदपाठशाळेत गुरू संथा देई आणि शिष्य ती एकत्र म्हणत. गुरूच्या अनुपस्थितीत चिंतनिका चाले ती आपापसांतच. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या लहानग्यांवर मोठ्या मुलांची देखरेख असे, आणि तिन्हीसांजेला घरोघर परवचा होई तो सर्व भावंडांचा मिळून. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही देशी शाळांतील रीत मद्रासेस अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिली आणि तिचा बोलबाला पुढे इंग्लंडात झाला, हे प्रसिद्धच आहे. तथापि या सर्व प्रकारांत एक उणीव होती. त्यांत म्हणणे होते, विचारणे नव्हते. पाठ एकमेकांकडून घोटून घेता येई, पण पाठाविषयी शंका काढून तिची चार जणांत चिकित्सा करण्याला तेथे फारसा वाव नव्हता.

तो वाव मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी निर्माण केला. १८४८ मध्ये तेथील आजी-माजी विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापिली, आणि त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने निघाल्या. सभासदाने निबंध वाचावा व इतरांनी त्यावर बोलावे, अशी तेथील पद्धत होती. मराठी सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागल्यावर सभेतील निबंध मुंबईबाहेरच्या वाचकालाही मिळू लागले. चर्चा एका ठिकाणी व्हावी आणि तिच्यात अनुपस्थित माणसालाही भाग मिळावा, ही सोय मराठीत येथून सुरू झाली म्हटले तरी चालेल. १८४९ मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रथम स्वतःच तेथे शिकविले. मुरूडचे मंडलीक एल्फिन्स्टनमध्ये शिकले ते याच पिढीत. पण या सभेविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे तेथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. मुंबईत पोचलेल्या मुलालाच ती उपयोगी होती. आणि खरी अडचण मुंबईस पोचण्याची होती.

कर्व्यांच्या ‘आत्मवृत्त’ (१९१५) या ग्रंथात त्या अडचणीचे जे वर्णन आहे ते सर्वपरिचित आहे. मुरूडच्या मराठी शाळेतील विनायक लक्ष्मण सोमण या शिक्षकांनी गावात सार्वजनिक कामाची आवड लावली. वर्तमानपत्र गावकऱ्यांना देवळात वाचून दाखविण्याचे काम धोंडोपंतांनी बालवयात केले ते याच वातावरणात. एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार, असे हे मंडळ होते. ऐकणाऱ्यांपैकी कितीजण काही विचारीत असतील हे सांगता येत नाही, परंतु वाचणाऱ्या मुलाला मोठ्यांसमोर स्पष्ट आवाजात वाचण्याची सवय झाली, एवढे निश्चित. पुढे मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून सातारपर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेला, आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली दिसत नाहीत म्हणून परीक्षकांनी त्यास परत पाठविले. हा प्रसंग जिद्दीचे उदाहरण म्हणून शालेय पुस्तकांत दिला जातो. त्यातील ‘सोबत्यांबरोबर’ हा शब्द मात्र दुर्लक्षित राहतो. भर पावसात, घाटरस्त्याने, एकट्या मुलाला ही वाट चालणे जवळपास अशक्य होते. त्या काळी परीक्षेची तयारीच काय, परीक्षेला जाणेही समूहाचे काम होते.

मुंबईस आल्यावर रॉबर्ट मनी शाळा, विल्सन कॉलेज व एल्फिन्स्टन कॉलेज अशा क्रमाने शिकून कर्वे १८८४ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. झाले. गोपाळ कृष्ण गोखलेही त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधूनच पदवीधर झाले. पुढे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या अध्यापकाची जागा भरावयाची होती तेव्हा गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतले. या बोलावण्यामागे सात वर्षांपूर्वीचा महाविद्यालयातील परिचय होता. विद्यार्थिदशेतील सहवासातून जुळलेले संबंध पुढे संस्थांचे आधार कसे होतात याचे हे चांगले उदाहरण आहे.

तथापि या प्रश्नाच्या दृष्टीने कॉलेजपेक्षा कर्व्यांचे मुंबईतील बिऱ्हाड अधिक महत्त्वाचे आहे. कर्वे व त्यांचे स्नेही देवरुखचे नरहरपंत जोशी यांची कुटुंबे तेथे एकत्र राहत. कर्वे शाळांतून व खासगी शिकवण्यांतून मिळवीत, आणि त्या मिळकतीवर घर चाले. मुरडीच्या रघुनाथ परांजप्यांना, नात्याने ते कर्व्यांचे भाऊ लागत, शिक्षणासाठी आणून ठेवले ते याच घरात. हर्णैहून आगबोटीने मुंबईस उतरणाऱ्या कोकणच्या मुलाला अशा बिऱ्हाडाचा आधार नसता तर त्यास दोनच मार्ग उरत : वार लावून जेवणे किंवा परत फिरणे. बिऱ्हाडात मात्र त्याला ताटाबरोबर गणिताची शंका विचारण्यास माणूस मिळे. कर्वे स्वतः गणिताचे शिक्षक होते. त्यांच्याजवळ राहणाऱ्या मुलास वर्ग सुटल्यानंतरही वर्ग होताच. याच मुलाने पुढे केंब्रिजची सर्वांत कठीण गणिताची परीक्षा दिली, तेव्हा तेथेही मुख्य तयारी महाविद्यालयीन व्याख्यानांपेक्षा खासगी शिक्षकाच्या खोलीत, लहान गटांत होत असे. मुरडीच्या मुलाला ती रीत अपरिचित वाटली नसावी.

टिळक आणि आगरकर यांच्या डेक्कन कॉलेजातील चर्चा मराठी वाङ्मयात कीर्तीला पावल्या आहेत. कर्व्यांच्या बिऱ्हाडातील बोलणे तसे प्रसिद्ध झाले नाही. परंतु त्या बिऱ्हाडाविषयी एक असाधारण गोष्ट आहे : तेथे राहिलेल्या तीन माणसांनी पुढे आपापल्या आठवणी लिहिल्या. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’, परांजप्यांचे १९६१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, आणि आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). आनंदीबाई म्हणजे नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई. भावाच्या घरी मुंबईस आल्या तेव्हा त्या शिकावयास आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातील कामास हात हवा होता. ही तिसरी साक्ष वाचल्याखेरीज पहिल्या दोहोंचा अर्थ नीट लागत नाही. पुरुषांच्या आत्मचरित्रांत अभ्यासाचे तास, परीक्षा, शिष्यवृत्त्या यांचा हिशेब असतो. चुलीजवळ गेलेल्या तासांचा हिशेब बाईच्या लेखणीतून मिळतो. अभ्यास करणाऱ्यांचे मंडळ जमते, टिकते आणि परीक्षा उत्तीर्ण होते, कारण घरातील काही माणसे त्या मंडळाबाहेर असतात.

परंतु याच बिऱ्हाडात ती मर्यादा ओलांडलीही गेली. राधाबाई कर्वे तेथे पतीकडून लिहावाचावयास शिकल्या, गोदूबाईंच्याही अक्षरओळखीला तेथे वाट मिळाली, आणि पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. १८९१ मध्ये राधाबाई वारल्या. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. आणि मुरूडने त्यांना बहिष्कृत केले. या बहिष्कारात एक विपर्यास आहे. मुरूडच्या बाहेरगावी मिळवत्या माणसांकडून वर्गणी गोळा करून गावात इंग्रजी शिक्षणाची सोय व्हावी यासाठी कर्व्यांनीच ‘मुरूड फंड’ उभा केला होता. मुंबईच्या बिऱ्हाडात जे थोड्यांना मिळाले ते गावच्या सर्व मुलांना मिळावे, हा त्या फंडाचा आशय होता. आणि त्याच बिऱ्हाडातील सहवासाचे एक फळ गावाला रुचले नाही तेव्हा फंडाच्या प्रवर्तकालाच गाव परके झाले. अनाथ बालिकाश्रम (१८९६), महिला विद्यालय (१९०७) आणि महिला विद्यापीठ (१९१६) या कर्व्यांच्या तिन्ही संस्थांचा इतिहास बहुधा पुणे व हिंगणे येथून सांगितला जातो. त्यांचे मूळ मुंबईतील एका सामायिक स्वयंपाकघरात शोधणे अधिक योग्य ठरेल.

बिऱ्हाडाच्या या पद्धतीत आपुलकी होती तशीच निवडही होती, हे विसरून चालणार नाही. प्रवेश मिळे तो नात्याने, गावाने आणि जातीने. सर्वांत जास्त तर एका पंक्तीला बसण्याच्या अधिकाराने. ज्याच्याबरोबर जेवता येत नाही त्याच्याबरोबर राहता येत नाही, आणि राहता येत नाही त्याच्याबरोबर रात्री दिव्याशी बसून अभ्यासही करता येत नाही. आंजर्ल्यापासून काही कोसांवर, दापोलीस, याची दुसरी बाजू दिसते. दापोली ही जुनी लष्करी छावणी. तेथे पेन्शनीत निघालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. गोपाळ बाबा वलंगकर हे त्यांपैकीच. त्यांनी तेथे अनार्यदोषपरिहारक मंडळी स्थापिली. आपल्या मुलांना सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळावा यासाठी १८९० नंतरच्या वर्षांत दापोलीच्या या सैनिकांनी अर्ज केले. नियमाने प्रवेशाचा हक्क मान्य झाला तरी मुलांना बसविले गेले ते शाळेच्या ओटीवर, वर्गाच्या बाहेर. रामजी सकपाळ सेवानिवृत्तीनंतर सहकुटुंब काही काळ दापोलीस राहिले, ते याच दशकात. त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, तीस वर्षांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली (१९२४). आणि सभेच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह (१९२५). तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ हे मासिक चालविले. शाळेत नुसता प्रवेश मिळून पुरत नाही. निवारा, अन्न आणि बरोबरीचे सहाध्यायी हेही मिळावे लागतात, ही गोष्ट ओटीवर बसविलेल्यांना वर्गात बसलेल्यांपेक्षा अधिक स्पष्ट कळली होती. सवर्णांचे बिऱ्हाड आपोआप उभे राहिले. इतरांना ते संस्था काढून उभारावे लागले.

विसाव्या शतकात माध्यमिक शाळा गावोगाव पोचल्या आणि आगबोट मागे पडली. मुंबईतील बिऱ्हाडाची जागा कोठे वसतिगृहाने तर कोठे चाकरमानी नातेवाइकाच्या चाळीतील खोलीने घेतली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाल्यावर घरी राहून पदवी घेण्याचाही मार्ग उघडला. हे सर्व बदल मोठे होते, तरी क्रमाने होत गेले. २०२० चा बदल क्रमाने झाला नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, आणि त्याचा तडाखा दापोली व मंडणगड तालुक्यांना फार मोठा बसला. आंजर्ले, हर्णै, मुरूड, केळशी या पट्ट्यात घरांवरची कौले व पत्रे उडाले, माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक ठिकाणी वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. मोबाइलचे मनोरेही बंद पडले. राज्य शासनाने नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ दूरस्थ मार्गाने करण्याचे परिपत्रक काढले ते १५ जूनला, म्हणजे वादळानंतर अवघ्या बारा दिवसांनी. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे शासनाच्या दूरस्थ शिक्षणाच्या उपक्रमाचे नाव. आंजर्ल्याच्या बाजूला त्या पंधरवड्यात शाळा बंद होती आणि दिवाही बंद होता.

पुढील महिन्यांत जी व्यवस्था बसली तिचा मुख्य आधार व्हॉट्सॲपवरील गट हा होता. शिक्षक पाठाची पाने किंवा ध्वनिफीत पाठवी, मुले वहीची छायाचित्रे परत पाठवीत, आणि शंका त्याच ठिकाणी विचारल्या जात. शिक्षकांनी केलेल्या गटांच्या जोडीला विद्यार्थ्यांचे स्वतःचे गटही निघाले, आणि महाविद्यालयीन वर्गांत तर खरी चर्चा या दुसऱ्या प्रकारच्या गटांत होई. या पद्धतीचे गुण उघड आहेत. वर्गात सर्वांसमोर हात वर करण्यास संकोचणारे मूल रात्री लिहून विचारू शके. उत्तर एकदा आले की ते पुसले जात नसे. ज्याला नेटवर्क दुसऱ्या दिवशी मिळाले त्यालाही ते वाचता येई. १८५० च्या मासिकाने अनुपस्थितांसाठी जे महिन्याला केले ते येथे तासाभरात होऊ लागले. आणि पंक्तीचा प्रश्न येथे उरला नाही : गटात येण्यासाठी कोणाच्या घरी जेवावे लागत नाही. हा फरक लहान नाही, आणि या माध्यमावर टीका करणाऱ्यांनी तो लक्षात घेतलेला दिसत नाही.

परंतु बिऱ्हाड जे पुरवीत होते ते गट पुरवीत नव्हता. जागा, दिवा, यंत्र आणि वेळ ही ज्याची त्याने आणावयाची होती. ‘असर’ या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. तरी दर पाचांपैकी जवळजवळ दोन मुले या चर्चेच्या बाहेर राहिली, आणि जी आत होती त्यांपैकी अनेकांच्या घरात तीन भावंडांमागे एक मोबाइल, तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात. कोकणात नेटवर्कसाठी मुले डोंगरावर किंवा सड्यावर जाऊन बसत असल्याची वृत्ते त्या पावसाळ्यात वारंवार येत होती. सडा म्हणजे गावामागचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. आषाढ-श्रावणात तेथे छत्रीही टिकत नाही. तेथपर्यंत जाऊन दोन तास बसण्याची मोकळीक मुलाला मिळे तितकी मुलीला मिळणे कठीण. गोदूबाईंच्या काळी चूल मंडळाच्या शेजारच्या खोलीत तरी होती, आणि भिंतीपलीकडचे बोलणे कानावर पडू शके. मोबाइलवरील गटाला शेजारची खोली नसते.

देवळातील वाचनाप्रमाणेच या गटांतही बहुसंख्य सभासद मूक होते. वाचून काही न लिहिणारे मूल समजून गप्प आहे, की न समजून, की मोबाइल दुसऱ्याच्या हाती गेला म्हणून, हे शिक्षकाला कळण्याचा उपाय नव्हता. बिऱ्हाडात मूल गप्प बसले तर जेवताना कोणीतरी विचारी. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात मुलांनी घरच्या माणसांबरोबर परिसरातील वस्तू घेऊन करावयाचे उपक्रम होते. हे अंतर भरून काढण्याचा तो एक विचारपूर्वक प्रयत्न होता, परंतु तोही दूरचित्रवाणी आणि वीज असलेल्या घरापुरताच. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडण्यास अनुमती मिळाली आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. नंतर दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे साधनांचा प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या एका बिऱ्हाडाविषयी तीन आत्मकथने आहेत, म्हणून तेथे कोण शिकले, कोणी शिकविले आणि कोण रांधीत होते, हे ताडून पाहता येते. दापोलीच्या ओटीवरील मुलांच्या बाबतीत वडिलांचे अर्ज व सरकारी पत्रव्यवहार एवढेच हाती लागते. मुलांचे आपापसांतील बोलणे कोठेही नोंदलेले नाही. २०२०–२१ मधील अभ्यासगटांची स्थिती याच्या उलट असावयास हवी होती. त्यांतील प्रत्येक शंका लेखी आहे, तिच्यावर दिवस, तास व मिनिट यांची नोंद आहे; असे साधन शिक्षणाच्या इतिहासकाराला पूर्वी कधीच उपलब्ध नव्हते. पण ते आहे विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या हातातील यंत्रांत. मोबाइल खाऱ्या हवेत बिघडतो, विकला जातो, त्यात जागा पुरेनाशी झाली की जुने संदेश प्रथम पुसले जातात. त्यांत खासगी मजकूर असल्यामुळे लिहिणाऱ्यांच्या संमतीवाचून तो मागताही येत नाही, आणि ती संमती देऊ शकणारी मुले आता शाळा सोडून मुंबई, पुणे, चिपळूणच्या वाटेला लागली आहेत. दापोली तालुक्यातील शाळांपुरते तरी हे संदेश, निदान शिक्षकांनी केलेल्या गटांतील, संमतीने उतरवून घेण्याचे काम एखाद्या विभागाने हाती घेतल्यास ते अजून होण्याजोगे आहे.